सरांच्या खुंट्या

सर वर्गात आले की आधी आमच्या चपलांकडे बघत. कुणाच्या चपला स्वच्छ दिसल्या की म्हणत, "याला अजून सूत्र समजलेलं नाही."

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास सांगलीत ते आम्हा चौघांना भूभौतिक सर्वेक्षण शिकवत. जमिनीत वीज सोडायची, ती किती अडते ते मोजायचं आणि खाली खडक आहे की पाणी, याचा अंदाज बांधायचा. आठवडाभर गणित, रविवारी खानापूरकडचा माळ. निघताना ते स्वतः यादी वाचत: चार लोखंडी खुंट्या, वायरीची रिळं, बॅटरी, मीटर, हातोडा, भाकरी. भाकरी विसरलेली चालायची, रीळ नाही.

"खुंट्या जवळ ठोकल्या तर जमीन वरवरचंच बोलते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "लांब न्या."

एकदा बिरूमामाचं रान मापायला गेलो. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेल्या या घरानं नुकतीच शेती धरली होती. आता विहीर खणायची होती; ती कोरडी निघाली, तर पुन्हा कळपामागे जाणं आलं. सर रानाच्या दुसऱ्या टोकाला होते. ऊन फार होतं, म्हणून मी खुंट्या जवळजवळच ठोकल्या. वीज सहज गेली, म्हणजे खाली पाणी, असं मी धरलं. मी जागा दाखवली आणि मामानं नारळ फोडून कुदळही मारली.

सर आले. आकडे पाहून त्यांनी चिमूटभर मातीचा वास घेतला.

"मामा, इथे मेंढरं बसवली होती का?"

"व्हय की. खतासाठनं दोन म्हयनं. लय झ्याक रान झालंय."

मुतानं खारावलेल्या मातीतून वीज जाणारच. सर माझ्याकडे वळले. "तू मेंढरं मोजलीस, पाणी नाही. आता मामांना तूच सांग."

मी सांगितलं. मामानं कुदळ उचलून खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "हातभरच खांदलंय, गड्या. आता दुसरी जागा दाव."

सर मला रागावले नाहीत. दोन दिवस माझ्याबरोबर वायर ओढत राहिले. शेवटी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक जागा धरली. "खात्री देत नाही," ते मामाला म्हणाले. "पण खणायचं तर इथे खणा."

पुढे सर नागपूरकडे गेले. विहिरीला पाणी लागल्याचं मी पत्रानं कळवलं. उत्तर आलं, "छान. वैशाखात किती राहतं ते मोजून कळव."

वैशाखात मी गेलो. मामाची सून पोहऱ्यानं पाणी शेंदत होती. दोर सोडून मोजलं, छातीइतकं पाणी होतं. त्याच दिवशी पत्र टाकलं.

उत्तर सरांच्या मुलीच्या अक्षरात आलं. बाबा चैत्रात गेले. आजारपणात सारखे विचारत होते, वैशाख कधी लागतो.