शेळीचं दूध आणि फळा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या थोरल्या भावाचे. आमच्या दादाचे.

आमचं घर मेंढरांमागं हिंडणारं. वडील गेले तेव्हा कळपामागं कुणीतरी जाणं भाग होतं. दादा दुसरीच्या वर्गातून उठला आणि काठी घेऊन निघाला. पुढं माझी शाळेची वेळ आली, तेव्हा चुलत्यांनी मलाही त्याच्याबरोबर धाडायचं ठरवलं. दादा म्हणाला, "मेंढरं मी बघतो. ह्यो वाचंल." त्यावर घरात पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

मी पैठणच्या बोर्डिंगात राहून शिकलो. माझी भाकरी यष्टीनं यायची. दादाचा मुक्काम जिथं असेल तिथल्या थांब्यावर तो फडक्यात बांधलेला डबा ड्रायव्हरच्या हाती द्यायचा आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. उन्हाळ्यात भाकरी विटलेली असायची. गाडी चुकायची, कधी डबाच दुसऱ्या गावाला जायचा. त्या दिवशी चहा आणि हिरवी मिरची. पोटात आग पडायची सवय तिथलीच. मला वाटायचं, सगळ्यांच्याच पोटात पडते.

औरंगाबादला येऊन मी पदवी घेतली, बी.एड. केलं आणि औरंगपुऱ्याजवळच्या एका खासगी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायला लागलो. आमच्या साऱ्या भावकीत फळ्यासमोर उभा राहिलेला मी पहिला. नोकरी तात्पुरती होती. आणखी एक वर्ष नीट गेलं असतं तर कायम झालो असतो. दादाला 'कायम' हा शब्द फार आवडला होता. गावात तो सगळ्यांना सांगायचा, "आमचं मास्तर यंदा कायम व्हतंय."

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पोटातला अल्सर फुटला. शहरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. पोटाची पिशवी बरीचशी कापली आणि उरलेली खाली आतड्याला जोडली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "थोडं थोडं खा, सारखं खा, गोड जपून." डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. पण आमच्याकडं आजारातून उठलेल्या माणसाला कुणी 'खा' म्हटलं की पुढचं कुणाच्या कानात शिरत नाही. मी, बायको, गावाहून आलेले लोक, सगळ्यांनी 'खा' तेवढंच ऐकलं.

जखम भरली. टाके निघाले. बघायला येणारे म्हणायचे, आता चेहऱ्यावर तेज आलंय. मी मात्र भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायचो. हा थकवा कसा ते सांगणं अवघड आहे. काम करून येतो तो थकवा नव्हे, त्यात निदान काम केल्याचं समाधान असतं. हा सकाळी डोळे उघडायच्या आधीच अंगात येऊन बसलेला असायचा. हात उचलायचा म्हटलं तर आधी मनाची तयारी करावी लागे. जेवण झालं की छाती धडधडायची, कपाळावर गार घाम यायचा, आणि खोली हळूहळू फिरायला लागायची. डोळे मिटले तरी फिरायचीच. मग मी पडून राहायचो आणि वासे स्थिर व्हायची वाट बघायचो.

आम्ही तेव्हा पडेगावला एका शेतकऱ्याच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. मालकाची विहीर तळाला गेली होती, आणि विहिरीच्या पलीकडच्या रानात त्यानं पेरणीऐवजी चुन्यानं रंगवलेले दगड रोवून प्लॉट पाडले होते. टँकर आला की बायको पदर खोचून धावायची. शेजारणी विचारायच्या, "आणि मास्तर?" ती म्हणायची, "झोपलेत." दिवसाउजेडी, बायको घागरींनी पाणी आणत असताना, धडधाकट दिसणारा नवरा झोपलाय. मी खिडकीतून ऐकायचो. उठून एक घागर उचलून बघितली एकदा. ती दारातच सांडली. बायकोनं ओल्या जमिनीवर पोतं टाकलं आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली.

शाळा उघडायच्या आधी दादा आला. दुभती शेळी घेऊन, गावापासून चालत.

"यष्टीनं यायचं न्हाई का?" मी म्हणालो.

"यष्टीत तिला मळमळतं," दादा म्हणाला. मग माझ्याकडं खालीवर बघितलं. "तुलाबी मळमळल्यावानी दिसतंय. काय रे ही दशा? मास्तर हाय का बुजगावणं?"

बायको आत हसली. दादा तिला म्हणाला, "बाई, तुमचा शहरातला चहा बंद करा याचा. पांढरं पाणी हाय ते. आजपासनं धारंचं दूध."

आमच्याकडं अशी रीत आहे. आजारातून उठलेल्याला तांब्यात गूळ कुस्करून देतात आणि त्यावर शेळीची धार थेट काढतात. दूध गरम असतानाच उभ्यानं, एका दमात प्यायचं. तांब्या मध्येच खाली ठेवायचा नाही. ठेवला तर दूध देणाऱ्याचा अपमान. दादानं स्वतः धार काढली. गूळ त्यानं गावाहून आणला होता, चांगला मोठा खडा घातला. मी उभ्यानं प्यालो. दादा माझ्या गळ्याकडं बघत होता, घोट उतरतोय का ते.

"आता बघ," तो म्हणाला. "म्हैनाभरात घोडा व्हशील. रोज प्यायचं. चुकवायचं नाय."

"नाय चुकवणार."

"माझ्या गळ्याची आण?"

"तुझ्या गळ्याची आण."

तो गेला आणि थोड्याच वेळात माझं डोकं असं फिरलं की मी चौकट धरून खाली बसलो. बायको म्हणाली, ताकदीचं दूध आहे, अंगाला सवय नाही, होईल. मलाही तसंच वाटलं.

शाळा सुरू झाली. रोज सकाळी मी दूध पिऊन निघायचो. सायकल कधीच सुटली होती, आता रिक्षा. एकदा औरंगपुऱ्यात उतरलो आणि विजेच्या खांबाला मिठी मारून उभा राहिलो. रिक्षावाला बघत होता. म्हणाला, "ओ सर, बैठ जाव नीचे. गिरे तो मेरेकोच उठाना पडता." मग उतरून त्यानं मला शाळेच्या फाटकापर्यंत नेलं.

वर्गात सगळ्यात अवघड होतं ते फळ्याच्या वरच्या भागात लिहिणं. मान वर केली की फळा तिरका व्हायचा. मी खालच्या अर्ध्यातच लिहायला लागलो. मागच्या बाकावरची मुलं ओरडायची, "सर, दिसत नाही." मग टेबलाचा कोपरा धरून शिकवायला लागलो. मग खुर्चीत बसून. आमच्या हेडसरांना बसून शिकवणारा शिक्षक खपत नसे. ते दारात येऊन उभे राहायचे आणि मी उठायचो. मुलांनी माझं नाव भोवरा ठेवलं होतं. मला ते कळलं तेव्हा राग आला नाही. नाव बरोबर होतं.

एका दिवशी पहिल्याच तासाला, शिवकालीन किल्ल्यांची नावं लिहिताना, खडू हातातून सुटला. तो उचलायला वाकलो आणि पुढचं मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी फळ्याखाली आडवा होतो, कुणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारलं होतं, आणि एक पोरगी रडत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "गेले का?" दुसरा म्हणाला, "गप ए, बघतायत ते."

त्या दिवशी हेडसरांनीच मला डॉक्टरांकडं पाठवलं. ज्यांनी ऑपरेशन केलं होतं तेच डॉक्टर. त्यांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "सकाळी काय घेता?"

मी थोड्या अभिमानानंच सांगितलं. शेळीचं दूध, गूळ घालून, धारेचं, तांब्याभर.

"रोज?"

"रोज. भावानं शेळी आणून दिलीय."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "गुरुजी, मी काय सांगितलं होतं?" मग त्यांनी समजावलं. आता माझ्या पोटाला पिशवी राहिलेली नाही म्हटलं तरी चालेल. पूर्वी अन्न तिथं थांबायचं, आता थेट खाली आतड्यात कोसळतं. एवढं गोड, एवढं पातळ, एकदम गेलं की अंगातलं पाणी सगळं तिकडं धावतं आणि डोक्याला काही उरत नाही. "त्यात ते उभ्यानं, एका दमात. विष घेतलं असतं तर एवढ्या नेमानं घेतलं नसतं तुम्ही."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती आधी हसली. मग शेळीच्या दावणीजवळ जाऊन बराच वेळ पाठमोरी बसली.

दूध बंद केलं. मला वाटलं, संपलं. कारण सापडलं, म्हणजे दुखणं गेलं, असा माझा शाळकरी हिशेब. सकाळचं गरगरणं खरंच कमी झालं. पण दुपारच्या भाकरीनंतर तेच, रात्रीच्या भातानंतर तेच, फक्त थोडं कमी जोरानं. आणि तो पहिल्यापासूनचा थकवा जागचा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, काहींचं वर्षात जातं, काहींचं राहतं. माझं कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हेडसर माझ्या घरी आले. त्यांना बसायला खाट दिली, तर ते उभेच राहिले. म्हणाले, "मला तुमच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण नववीची पोरं आहेत. तुम्हाला चक्कर आली की बाहेरून दिसू नये म्हणून वर्गाची दारं लावून घ्यावी लागतात हो मला, आईबाप विचारतात." मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत बघा." ते म्हणाले, "बघितलं." त्यांनी नवीन शिक्षक आधीच बघून ठेवला होता. त्यांचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. मी राजीनामा त्यांच्यासमोरच लिहून दिला. खाली मान घालून लिहिलं, म्हणून चक्कर आली नाही.

औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं. बसून करायचं. दुपारी जेवलो की मी कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवा व्हायचो आणि मशीनचा आवाज सगळ्या छताला फिरवायचा.

दादाला कळवायचं राहिलं होतं. रोज उद्यावर टाकायचो. गावात तेव्हा फोन नव्हता आणि दादाला वाचता येत नव्हतं. गावाचा पोस्टमन पारावर बसून पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचा. ज्याचं पत्र त्याच्याभोवती सगळं गाव. दुधाचं लिहिलं असतं तर ते पारावर वाचलं गेलं असतं. दादाच्या शेळीनं मास्तर पाडला, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणाले असते. आणि लोकांचं जाऊ द्या, तो स्वतः काय म्हणाला असता? भाकरी विटायची म्हणून तो अजून मला बघून ओशाळायचा.

शेवटी आंतरदेशीय पत्रावर लिहिलं ते असं:

दादा,

पाया पडतो. वहिनीलाही माझा नमस्कार सांग.

शाळेतली नोकरी सोडली. कुणी काढलं नाही, मीच राजीनामा दिला. उभं राहून शिकवणं आता जमत नाही. ऑपरेशनमुळं तसं झालं आहे, डॉक्टर म्हणतात काहींचं होतं. कुणाचा दोष नाही. कायम व्हायचं ते झालो नाही. तू गावात सगळ्यांना सांगितलं आहेस, त्याचं मला फार वाईट वाटतं. कुणी काही बोललं तर माझ्यावर लोट.

एका छापखान्यात बसायचं काम मिळालं आहे. पुस्तकं छापायच्या आधी त्यातल्या चुका काढतो. उपाशी नाही.

तू सांगितलंस तसं दूध प्यालो. तुझी आण घेतली होती, एक दिवस चुकवलं नाही. आता इथं चारा मिळत नाही, मालकानं सगळ्या रानात प्लॉट पाडले आहेत. शेळी वाळायला लागली. येशील तेव्हा तिला घेऊन जा.

तू एवढं चाललास त्याचं मी काही करून दाखवीन असं वाटलं होतं. आता काय दाखवू ते सुचत नाही. दादा, मला बरं वाटत नाही. हे मी इथं कुणाला सांगत नाही, बायकोलाही नाही. ती आधीच पाण्यानं दमली आहे. पोस्टमनकाका, हे वाचताना जरा हळू वाचा.

भेटायला येऊ नकोस असं लिहिणार होतो. पण ये. दुपारी आलास आणि मी आडवा दिसलो तर घाबरू नकोस, जेवलो की असाच पडतो. हाका मारू नकोस. जवळ बस. जरा वेळानं मी उठतो, मग बोलू.

तुझा धाकटा