पाण्यातला साप

आमच्या गावात, कोडोलीत, कुणाच्या घरात साप निघाला की माझ्या थोरल्या भावाला फोन यायचा. नाग, घोणस, मण्यार, सगळे त्यानं धरून लांब रानात सोडलेले. म्हणून आम्ही दोघं मालवणला फिरायला गेलो नि किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर एक करडा, पट्ट्यापट्ट्यांचा साप वळवळताना दिसला, तेव्हा सोडवायला तोच पुढं झाला. बोटाला दात लागले. रक्ताचे दोन ठिपके. ना सूज, ना आग.

कोळी म्हणाले, याला दवाखान्यात न्या. भाऊ हसला. "पावणं, पाण्यातला साप बिनविषारी असतोय की. आमच्या ओढ्यात दिवड असती, तसलीच ही."

मलाही तसंच वाटलं. आमच्याकडं पोरंसोरं दिवड शेपटीला धरून फिरवतात. ह्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी होती, ते आम्हा दोघांनाही खटकलं नाही.

पुढं मी सगळं वाचलं. हा समुद्री साप जमिनीवर येत नाही, वाळूत त्याला धड सरपटताही येत नाही. श्वास घ्यायला वर येतो, नाकपुड्या मिटून परत खाली जातो. पिलंसुद्धा पाण्यातच घालतो. विष नागापेक्षा जहाल, पण चावल्याचं दुखत नाही. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

परतताना गगनबावड्याच्या घाटात भावाची मान आखडली. "लाटांत खेळून अंग धरलंय," म्हणाला. कोल्हापुरात पोचेपर्यंत पाय उचलेना, पापण्या मिटायला लागल्या. लघवी कोऱ्या चहासारखी झाली.

डॉक्टरांनी विचारलं, काही चावलंय का? मी म्हणालो, "दिवड चावली, पर ती बिनविषारी असती." सूज नव्हतीच. ते दुसऱ्या तपासण्यांकडं वळले. सापांतलं आमच्या घराला कळतं, हा तोरा मी तिथंही मिरवला. त्याची लाज वाटायला हवी. अजून मला धड काही वाटतच नाही.

तिसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, या विषानं स्नायू जातात, मूत्रपिंडं जातात, पण शुद्ध जात नाही. पेशंटला सगळं ऐकू येत असतं. मी मान हलवली.

त्याचे डोळे उघडत नव्हते, जीभ हलत नव्हती, म्हणून आम्ही त्याला बेशुद्ध समजलो होतो. आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला, त्याच्या उशाशी उभा राहून, मी सांगत होतो, "काय न्हाय, साधी दिवड हुती."