इअरबड्सवर माझा शेरा

मुलाने बेंगळुरूहून इअरबड्स पाठवले आणि वर फोन करून बजावलं, "दहा दिवसांत सांग, ठेवायचे की परत करायचे. नीट वापरून बघ. तू कशालाच पटकन चांगलं म्हणत नाहीस, म्हणून तुझं मत हवंय. तुला पटले तर मीही तेच घेणार." हे कौतुक होतं की टोमणा, ते त्यालाच ठाऊक. पण बोलला ते खरं. एकतीस वर्षं मी नाशिक रोडला एका सरकारी कचेरीत फायलींवर शेरे लिहिले. 'तपासले, योग्य वाटते' एवढं लिहायलाही मी दोन दिवस घ्यायची. साहेब लोक कातावायचे, पण माझ्या टेबलावरून पुढे गेलेली फाईल कधी परत आली नाही.

तेव्हा मी जुनी डायरी काढली आणि मथळे पाडले. कानात बसतात कसे. चार्जिंग किती टिकतं. गाणी. आणि फोन. फोनखाली दोन रेघा मारल्या, कारण बाकीच्याशी मला तसं काही देणंघेणं नव्हतं. माझा डावा कान गेली दोन वर्षं मंद झालाय. नामपूरला भावाकडे माझी आई असते, पंच्याऐंशीची. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेलेत. रोज दुपारी चार वाजता मी तिला फोन करते आणि ती बोलते त्यातलं निम्मं मला ऐकूच येत नाही. मग मी आपली "हो का, बरं बरं" करत राहते. तिला दिसत नाही, मला ऐकू येत नाही, असा आमचा संसार. ती आहे तोवर मला तिचं बोलणं पुरतं ऐकायचं होतं. एवढंच हवं होतं मला त्या वस्तूकडून.

कानात बसवायला डबीत तीन मापांची रबरं निघाली. मोठं दुखलं, लहान पडलं, मधलं बसलं. डाव्या कानातलं मात्र जांभई दिली की सुटायचं. लिहून ठेवलं. गाण्यांबद्दल काय लिहायचं, तबला इतका जवळ आला की वाजवणारा मांडीवर बसलाय की काय असं वाटलं. आणि बाहेरचे आवाज बंद करायची जी सोय आहे, ती खरोखर नामी आहे. आमचे हे रिटायर झाल्यापासून सकाळी आठ ते दुपारी एक बातम्या लावून बसतात, तेही असे की खालच्या मजल्यावरच्यांना वेगळा टीव्ही घ्यायची गरज नाही. मी कानाला टिचकी मारली आणि बातम्या गेल्या. समोर माणूस तोंड हलवतोय, हातवारे करतोय, आणि आवाज शून्य. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, इतकी शांतता मला पहिल्यांदाच मिळाली.

पण त्याच दिवशी फोडणी करपली. फोडणी डोळ्यांनी करायची नसते, कानांनी करायची असते. मोहरी तडतडायला लागली की हात आपोआप जिऱ्याकडे जातो. मला तडतड ऐकूच आली नाही, मी उभी राहिले शुंभासारखी, आणि कढईत कोळसा. "जेवणात काय नवीन प्रकार आहे?" ह्यांनी विचारलं. मी डायरीत लिहिलं, 'स्वयंपाकघरात निरुपयोगी.'

चार वाजता आईला फोन लावला.

आईकडे बटणांचा फोन आहे. वहिनीने हिरव्या बटणावर कपाळाची टिकली चिकटवून दिली आहे, म्हणजे फोन वाजला की आई चाचपून टिकली शोधते आणि दाबते. लाल बटणावर टिकली नाही. दोन टिकल्या असल्या तर तिचा गोंधळ होतो. त्यामुळे फोन उचलायचं काम तिचं आणि ठेवायचं काम माझं, हे ठरलेलं.

"हॅलो," आई म्हणाली, आणि मी खुर्चीवर बसले. आवाज अगदी कानाच्या आत. तिचं श्वास घेणं, दात नसल्यामुळे होणारी फुस्स, मागे कुठेतरी शेळी. "मी बरी आहे. तू बरी आहे का? जेवण झालं का? इथे ऊण फार आहे."

ऊन म्हणायचं होतं तिला. ह्या 'ऊण'बद्दल सांगितलं पाहिजे.

नामपूरकडे, आमच्या बागलाणात, घरोघर अहिराणी बोलतात. 'आहे'ला 'शे' म्हणतात, आणि 'ण' आमच्या जिभेला जडच. पाणी नाही, पानी. मी लग्न होऊन नाशिकला आले, पुढे नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात कचेरीत माझ्या तोंडून "फाईल आठे शे" निघून गेलं. फाईल इथे आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळी शाखा हसली. वाईट मनाने नाही हसली, पण हसली. त्या दिवसापासून मी जिभेला लगाम घातला. घरी, दारी, भाजीवाल्याशी, सगळीकडे पुस्तकातलं मराठी. 'माय'ची 'आई' झाली.

इथवर ठीक. पण मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला कचेरीतली मंडळी घरी आली होती आणि आई गावाहून आली होती. ती सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती, आपल्या बोलीत, मोकळेपणी. कोणीतरी कोणाकडे बघून हसलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला म्हटलं, "आई, जरा चांगलं बोल ना लोकांसमोर." तिने मान डोलावली. रागावली नाही, काही नाही. त्यानंतर आजतागायत ती माझ्याशी चांगलं बोलते. जिथे तिथे आठवणीने 'आहे' घालते. 'ण' राहायला नको म्हणून नसलेल्या ठिकाणीही घालते. फोण. ऊण. मण लागत नाही. पूर्वी मला त्याचं हसू यायचं, मी मुलाला नक्कल करून दाखवायची. देवा, मी नक्कल करून दाखवायची.

त्या दिवशी इअरबड्समधून तो 'ण' इतका स्वच्छ ऐकू आला की तिची जीभ टाळ्याला लागते कशी, सुटते कशी, सगळं कळलं. प्रत्येक 'ण'च्या आधी ती पळभर थांबत होती. इतकी वर्षं मला ते थांबणं ऐकू आलं नव्हतं. डायरीत 'फोन'खाली मी लिहिलं, 'आवाज उत्तम.' दुसरं काय लिहिणार.

पाचव्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. आमचं बोलणं संपलं, "ठेवते हं आई" म्हणून मी कानातल्याची दांडी दाबली, मुलाने शिकवली होती तशी. फोन आत चार्जिंगला होता. मी गॅलरीत कपडे गोळा करायला गेले. माझ्या दाबण्याने फोन बंद झालाच नव्हता, फक्त माझा आवाज तिकडे जायचा बंद झाला होता. टॉवेलाची घडी घालताना कानात वहिनी बोलली, "काय म्हने ताई?"

फोन ठेवायला हवा होता, हे मला कळतं. नाही ठेवला.

आई म्हणाली, "बरी शे म्हने." आणि मग, "फोन उना का माले घाम फुटस वं."

फोन आला की घाम फुटतो म्हणे तिला. वहिनी हसली. आईही हसली, आणि सांगायला लागली. तीन वाजल्यापासून ती म्हणे मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसते. काय विचारायचं, कसं म्हणायचं. चारपाच वाक्यं झाली की तिची शिदोरी संपते, मग फोन लवकर संपला तर बरं असं वाटतं. पोरगी रोज फोन करते, जीव लावते, पण... आणि मग जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत सांगते. "मन्ही आंडेर शे, पन मन्हासंगे पाव्हनी मायक बोलस."

आंडेर म्हणजे मुलगी. माझी मुलगी आहे, पण माझ्याशी पाहुणीसारखी बोलते.

मी टॉवेल हातात धरून उभी राहिले. तिच्या आवाजात कुठे थांबणं नव्हतं, अडखळणं नव्हतं. सरसर बोलत होती, मधेच वहिनीला चिडवत होती, शेळीला हाकलत होती. ही बाई मला ओळखीची होती. हिच्या मांडीवर मी वाढले. आणि ही बाई गेली तेहतीस वर्षं माझ्याशी बोललीच नव्हती. रोज चार वाजता मी फोन करत होते ते दुसऱ्याच कोणाला, जिला मीच तयार केलं होतं. मला इतकी आठवण आली तिची, जिवंत माणसाची येऊ नये इतकी.

आत जाऊन मी फोन बंद केला. रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "डोळे का सुजलेत?" मी म्हटलं, कांदे चिरले. त्यांनी ताटातल्या दोडक्याच्या भाजीकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. तेवढी समज आहे त्यांना.

दुसऱ्या दिवसापासून मी सराव सुरू केला. लाज वाटत होती, पण केला. गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना पुटपुटायचं. काय करी ऱ्हायनी, कोठे गयी व्हती, तब्येत कशी शे तुन्ही. शब्द आठवत होते पण चाल सापडत नव्हती. अहिराणीला एक हेल आहे, वाक्याच्या शेवटी झोका जातो तसा. माझा झोका मधेच अडकायचा. ह्यांनी टीव्हीचा आवाज चक्क कमी करून विचारलं, "कोणाशी बोलतेस?" मी कानातल्याकडे बोट दाखवलं. या वस्तूंचा हा एक फायदा, माणूस एकटाच बडबडला तरी कोणी वेड्यात काढत नाही.

चारच्या फोनला मात्र धीर होईना. दोन दिवस मी "माय" म्हणायचं ठरवलं आणि तोंडातून "आई" निघालं. मुलाने मेसेज केला, काय ठरलं. मी कळवलं, तपासणी चालू आहे.

नवव्या दिवशी मी चारची वाट पाहिलीच नाही. सकाळी अकरालाच फोन लावला. त्या वेळी भाऊ-वहिनी शेतात असतात आणि आई ओट्यावर एकटी असते. बेल वाजत राहिली. मग टिकली सापडली असावी.

"कोन शे?"

"माय, काय करी ऱ्हायनी वं?" मी म्हटलं. झोका बरोबर गेला. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"काय नई वं," आई म्हणाली, "बठेल शे उन्हमा. तू जेवनी का?"

उन्हमा. 'ण' नाही, थांबणं नाही. मी कसंबसं हो म्हटलं, गुडघे कसे आहेत विचारलं, आणि ती सुटलीच. गुडघ्यांचं सांगितलं, कांद्याला यंदा कसला रोग पडला ते सांगितलं, सुनेच्या भाकरी कशा जाड होतात ते आवाज खाली आणून सांगितलं आणि स्वतःच खुदकन हसली. मी मधेमधे हं हं करत होते, जास्त बोलायची भीती वाटत होती, चुकेन म्हणून. तिला रोज हेच वाटत असणार. गल्लीतली कोण गेली, कोण बाळंत झाली, शेळीने वहिनीचं लुगडं कसं खाल्लं. डाव्या कानातलं सुटायला लागलं तसं मी ते बोटाने दाबून धरलं. एक शब्द सांडू द्यायचा नव्हता मला.

मग ती म्हणाली, "मन्ही आंडेर शे नाशिकले. मोठी साहेब शे. रोज चार वाजता तिना फोन येस." सांगताना आवाजात केवढा अभिमान.

मला वाटत होतं, तिने मला ओळखलंय.

"मी बोलत बठनू," आई हसत म्हणाली. "तुन्हं नावच नई इचारं. कोनी आंडेर शे वं तू?"

कोणाची मुलगी आहेस गं तू. पोटच्या मुलीला विचारत होती. तिला दोष कसा देणार, तिच्या मुलीचा आवाज असं बोलतच नाही. क्षणभर वाटलं, गावातलं कोणाचं तरी नाव सांगावं आणि रोज अकरा वाजता तीच होऊन फोन करावा. खरंच वाटलं. तिने माझ्याशी अर्धा तास बोलावं म्हणून मी तेही केलं असतं.

"तुन्हीच शे, माय," मी म्हटलं.

तिकडे तिने घसा साफ केला आणि पदर सारखा केल्याची सळसळ ऐकू आली.

"तू आहे का?" आई म्हणाली. सावकाश, एकेक शब्द जपून. "मला कळलं णाही गं. काही बोलली असेल तर मणावर घेऊ नको. मला वाटलं, आपल्यातली कोणी आहे."