फळीवरची बाई

आमच्या खांडबाऱ्याला आठवडे बाजाराच्या सुमारास तंबूतला सिनेमा यायचा. स्टेशनच्या पलीकडे मोकळी जागा होती, तिथे तंबू ठोकायचे. बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मधे दोरी. मी नवी सून होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासू सोबत असल्याशिवाय सिनेमाला जायची सोय नव्हती, आणि सासूला सिनेमाचा तिटकारा. पण त्या साली कोणीतरी तिला सांगितलं की चित्रपट देवाचा आहे, म्हणून ती तयार झाली. आता साठ वर्षं होत आली, तरी त्या देवाच्या चित्रपटातलं मला काही म्हणता काही आठवत नाही. आठवते ती त्याच्या आधीची बाई.

मोठ्या पिक्चरच्या आधी तेव्हा एक लहान पिक्चर दाखवत. धरणं, पुढारी, परदेशातल्या गमतीजमती. लोक तेवढ्यात बिड्या ओढून घ्यायचे, बाया पोरांना दामटून बसवायच्या. त्या दिवशी पडद्यावर एकदम समुद्र आला. आमच्यातल्या निम्म्या बायांनी समुद्र पाहिलाच नव्हता. लाटा घराएवढ्या, आणि त्या लाटांवर माणसं उभी. पायाखाली नुसती एक लांबोडकी फळी. गडी उभे राहायचे, धपाधप पडायचे, पुन्हा चढायचे. तंबूत हसून हसून धमाल झाली.

मग एक बाई आली. अंगावर म्हणायला कपडे. सासूनं पदर डोळ्यांवर ओढला, पण मी बाजूलाच बसले होते, पदराच्या फटीतून तिचा एक डोळा पडद्यावरच होता. बाई फळीवर पालथी पडली, हातांनी पाणी मारत गेली. मागून लाट उठली. बाई हळूच उभी राहिली, गुडघे वाकवले, दोन्ही हात बाजूला पसरले. लाट तिच्या डोक्यावर वाकली आणि खटकन पडदा पांढरा झाला. रीळ तुटलं.

शिट्ट्या, आरडाओरडा, कोणी तंबूच्या खांबाला लाथा घातल्या. सिनेमावाल्यानं जोडाजोड केली आणि सरळ मोठं पिक्चर लावून दिलं. बाई तशीच लाटेखाली राहिली.

ती पडली की काठाला लागली? गावात दुसरा विषय नव्हता. पाणवठ्यावर तेच, निंदणीला तेच. गाडीच्या साट्यावर पोरं हात पसरून उभी राहायची आणि मुद्दाम पडायची. सुरतेला जाऊन आलेला एक जण सांगायचा की ती माणसं फळीला खिळ्यांनी पाय ठोकून घेतात. त्याच्यावरही विश्वास ठेवणारे होते!

सासूचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. "पडनी व्हई. पानीवर बाईमानूस उभं ऱ्हास का कधी?"

"उभी तं व्हती ना आत्याबाई, आपन देखं," मी म्हणाले.

"उभी व्हती, मंग पडनी."

मला हे झोंबलं. का झोंबलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं. ती बाई माझी कोण लागत होती? पण ती पडली असं कोणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरात कोणी नसलं की मी स्वयंपाकघरात पाटावर उभी राहायचे. गुडघे वाकवायचे, हात पसरायचे, पाट डुगडुगला की तोल सावरून पुन्हा उभी राहायचे. एकदा सासूनं पकडलं.

"पाट बठाकरता ऱ्हास वं," ती म्हणाली, "उभं ऱ्हावाले जमीन शे."

पुढे भाताची लावणी आली. आमचं वावर ओढ्याच्या कडेला. चिखलणी झाली की पाणी उभं असतानाच बैलांच्या मागे रुंद फळी ओढून चिखल सपाट करायचा, मग लगेच रोप लावायचं. एकट्याच्या वजनानं चिखल दबत नाही, म्हणून फळीला दोन माणसं लागतात, दोन टोकांना उभी. वजन सारखं पडलं तर चिखल सारखा बसतो. एका टोकाला कासरा धरून आमचे हे, दुसऱ्या टोकाला सासरे, अशी नेहमीची जोडी.

त्या दिवशी सासऱ्यांचा पाय काटा मोडून सुजलेला, टेकवत नव्हता. त्यांच्या जागी धोंडा ठेवला, तो चार पावलांत घसरून चिखलात गेला. दुसरा ठेवला, तोही गेला. गावात गडी मागावा तर ज्याचा त्याचा हात आपापल्या वावरात. लावणीच्या बाया रोपाच्या जुड्या घेऊन बांधावर खोळंबल्या होत्या, आणि खालच्या अंगाचा बांध बुजवला तरी पुन्हा फुटून पाणी निघून चाललं होतं. पाणी गेलं की ते वावर वर्षभर पडीक.

"मी उभी ऱ्हास," मी म्हणाले.

औताला बाईचा पाय लागू नये, ही आमच्याकडची रीत. दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोप लावायला बाई चालते, पण फळीवर चढायला नाही. सासूचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"पडशी," ती म्हणाली. "सारा गावना देखत पडशी. मंग परत कोनी बाई चढानं इचारनार बी नही."

सासरे बांधावर पाय धरून बसले होते. ते म्हणाले, "चढू दे तिले. पानी चाली ऱ्हायनं."

मी कासोटा घट्ट खोचला आणि चढले. नवऱ्याच्या शेजारी चारचौघांत उभी राहायचीही ती पहिलीच वेळ, पण लाजायला सवड कुठे होती! बैलांनी ओढ घेतली आणि फळी पायाखालून निसटू लागली. गुडघे आपोआप वाकले. हात पसरले. फळीच्या दोन्ही बाजूंनी पाणी उसळत होतं, अंगावर येत होतं, तोंडात जात होतं. मला इतका आनंद झाला की मी हसतच सुटले. आमचे हे वळून माझ्याकडे बघायला लागले, आणि वळणावर त्यांचाच पाय सटकला. धप्पकन चिखलात!

कासरा सुटला. फळी माझ्या बाजूनं कलंडली, बैल बिचकून पळत सुटले. मागून हे ओरडत होते, "उडी मार, उडी मार!" बांधावरच्या बाया ओरडत होत्या. मी उडी मारली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. पण पडदा पांढरा झाला तो क्षण माझ्या डोळ्यांपुढे आला. मी एकेक पाय सरकवत फळीच्या मधोमध गेले. फळी सरळ झाली. आता वर मी एकटी, धरायला काही नाही, समोर बैलांची शेपटं आणि चिखलाचे फवारे. वावराची सबंध लांबी मी तशी उभ्यानं पार केली, आणि बैल समोरच्या, बाया उभ्या होत्या त्याच बांधाला जाऊन आपणहून थांबले.

तिथे सासू उभी होती. तिनं आधी बैलांची येसण धरली. मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माझे हात अजून पसरलेलेच होते. मी खाली उतरायला लागले, तशी ती बायांकडे वळली.

"नही पडनी ती," ती म्हणाली.

कोण ती, हे कोणी विचारलं नाही. सासूनं चिखलातला कासरा उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"चढ आता. अर्धं वावर बाकी शे."