श्रिंकेजची पट्टी

आण्णांचा कॉम्प्युटरवर काडीचा भरवसा नव्हता. मी स्क्रीनवर पार्ट चारी बाजूंनी फिरवून दाखवायचो आणि ते उजव्या हाताचा अंगठा काचेवरून फिरवायचे, खरंच कडा हाताला लागणार असल्यासारखे. माझी काच कायम मळलेली असे.

ते उचगावचे. जन्मभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यावरून बनतात ते नमुने, घडवले आणि ते काम संपल्यावर माझ्या डिझाइनच्या ऑफिसात येऊन बसू लागले. आमच्याकडे मोडक्या पार्टचं स्कॅन येई, ती बारक्या त्रिकोणांची नुसती जाळी असे. आत काही नाही, पोकळ टरफल. तिची सगळी भोकं बुजली की मगच सॉफ्टवेअर तिचा भरीव सॉलिड करून देतं. मी एका क्लिकने भोकं बुजवायला निघालो की आण्णा मनगट धरत. "थांब की लेका! भोक बुजवायच्या आधी त्येला इचार, तू हितं का पडलंस म्हणून." एकदा पंपाच्या पार्टचं तेलाचं भोकच मी बुजवून टाकलं होतं. तेव्हा खाल्लेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

त्यांच्या डाव्या गालात सदा तंबाखू असायची. पुढे त्याच बाजूला जबड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशनआधी डॉक्टरांना जबड्याचं मॉडेल हवं होतं, म्हणजे हाडाला आधार द्यायची धातूची प्लेट त्यावर आधीच वाकवून ठेवता येणार होती. आण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडं नगं. ह्यो करंल."

सीटीस्कॅनची जाळी उघडली. डावीकडे हाडाच्या मधोमध भोक होतं. ते का पडलं, हे विचारायची गरज नव्हती. उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटी करून डावीकडे बसवली, कडा जोडल्या, सॉलिड केला आणि थ्रीडी प्रिंट काढली.

आण्णांनी ती हातात घेऊन अंगठा फिरवला. दवाखान्याच्या कागदावरचं माप साध्या पट्टीवर जुळेना. मग त्यांनी पिशवीतून आपली जुनी श्रिंकेजची पट्टी काढली. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्नवाल्यांच्या या पट्टीवरच्या खुणा मुळातच जरा लांब असतात. तिच्यावर माप तंतोतंत जुळलं. रोजच्या सवयीने मी आण्णांच्या जबड्यालाही श्रिंकेज, म्हणजे आटण्यापुरतं जादा माप, देऊन बसलो होतो!

मला रडूच आलं. त्यांचं तोंड धड उघडत नव्हतं, तरी दातातल्या दातात म्हणाले, "मला भट्टीत वतणार हाईस व्हय रं? कर परत."

मी परत केलं. प्लेट नीट बसली, माप अचूक होतं असं डॉक्टर म्हणाले. पण रोग आधीच गळ्यात उतरला होता. शेवटचे दोन महिने आण्णा पाटीवर लिहून बोलत. शिव्यासुद्धा लिहूनच देत.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर राख सावडताना त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, हाताला ती प्लेट लागली. काकूंनी ती पदराने पुसली. "ह्ये तुझंच काम न्हवं? तुझ्याकडंच ऱ्हाऊदे."

ऑफिसात येऊन मी ती दुसऱ्या, बरोबर मापाच्या मॉडेलवर ठेवून पाहिली. कुठे फट नव्हती. चितेतून जाऊनही प्लेट आटली नव्हती. आण्णा मात्र एका मडक्यात मावले.