मामांची दुसरी चूल

सरकारी नियम पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नियमापायी स्वतःचं घर सोडून गोठ्यात राहायला गेलेला माणूस एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. दर मंगळवारी वडनेरहून मलकापूरच्या कचेरीत जायचे, फळ्यावरच्या नोटिसा उभ्यानं वाचायचे, नि परत येऊन अख्ख्या गावाचे अर्ज फुकट भरून द्यायचे. कुणी खोटं लिहा म्हटलं की पेनाला टोपण लावून मोकळे. "नियमात बसवतो मी, पण खोटं नाई लिहीत!"

मामा बिनलग्नाचे. घरात ते नि त्यांची विधवा भावजय, आमच्या थोरल्या मामी. निराधार बाईला फुकट ज्वारीचं कार्ड मिळे, पण तिची चूल वेगळी हवी. झालं! मामांनी त्याच स्वयंपाकघरात दुसरी चूल मांडली. दुसऱ्या कुणी तपासणीपुरती मांडली असती. ह्यांनी खरोखर वेगळं खायला सुरुवात केली! मामींची वांग्याची भाजी घमघमत असायची नि हे गृहस्थ तिकडे पाठ करून स्वतःची करपलेली भाकर चावत बसायचे. मी एकदा चहा पुढे केला, तर म्हणाले, "कोणाच्या चुलीवरचा हाय?" मी कपाळावर हात मारला.

पुढे नियम फिरला. एका छपराखाली कमावता दीर असेल तर कार्ड बंद. त्या आठवड्यात गेलो तर मामा शेतातल्या गोठ्यात, बैलांशेजारी वळकटी टाकून! साठीचा माणूस!

"मामा, अहो काऊन हे?"

"वैनीची ज्वारी बंद होऊन राह्यली होती ना, जावईबापू. वैनीले सांगू नका."

मामींना वाटलेलं, भाऊजी रुसले. मला राहवलं नाही, सांगून टाकलं. बाई तडक कार्ड घेऊन मलकापूरला गेल्या, नि संध्याकाळी झाकलेलं ताट घेऊन माझ्यासोबत गोठ्यात हजर. मामांनी विचारलंच, "कोणत्या चुलीचं?"

"एकच उरली. तुमची फोडून आली मी. कार्ड बी वापस केलं. जेवा आता, भाऊजी."

जन्मभर लोकांना कार्डं मिळवून देणारा माणूस पार हादरला. "वापस? अवो वैनी, वापस कराचा तं अर्जच नसते!" एवढं म्हणाले, नि खाली मान घालून रडत रडत जेवले. त्याच रात्री घरी आले.

मामा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी ती दिराची अट रद्द झाली. मामींनी नोटीस मला दोनदा वाचायला लावली.

"म्हंजे भाऊजी घरात असते तरी भेटलं असतं?"

"हो."

मामींनी नोटीस घडी घालून चुलीशेजारी ठेवली. मग मी नवा अर्ज भरायला घेतला. घरात माणसं किती, असं विचारलं, तर म्हणाल्या, "दोन." मामा असते तर त्यांनी पेनाला टोपण लावलं असतं. मी दोन लिहिली.