पाढेवाल्या काकांचा रुसवा

एक्स-रे विभागातला कॉम्प्युटर सकाळी सुरू झाला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर सरकायच्या. मेमरी ठीक, पहिली डिस्क ठीक, दुसरी डिस्क ठीक. दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणारे काका त्या रोज ओठातल्या ओठात वाचायचे. सगळा स्टाफ चिडवायचा, "झाले का पाढे म्हणून?" नाव पडलं ते पडलंच, पाढेवाले काका.

मग आले नवे मॅनेजरसाहेब. त्याच आठवड्यात रांगेतल्या एका आजोबांनी पडद्यावर 'एरर' वाचलं आणि एक्स-रे न काढताच तरातरा निघून गेले. एरर अगदी किरकोळ होती, पण साहेबांनी हुकूम सोडला, ओळी बंद, सुरू होताना फक्त दवाखान्याचं चिन्ह दिसू दे.

"अहो, मग स्क्रीन फिरवा ना! लोकांकडे तोंड करून ठेवलाय कुणी? मशीनला काय दुखतंय ते मला नको कळायला?"

"काका, माणसं घाबरतात. बिघडलं की कळेलच."

"बिघडल्यावर! वा रे शहाणपण!" काकांचं डोकं सणकलं. दहा मिनिटांत त्यांनी ओळी झाकून टाकल्या. सुरू होताना एक बटण दाबलं की चिन्हामागच्या ओळी अजूनही दिसत होत्या, आणि हे फक्त काकांना ठाऊक होतं. पण नाही! "त्यांना नकोत ना, मग मला काय त्याचं!" म्हणाले, आणि सकाळी त्या खोलीकडे फिरकेनासे झाले.

चार महिने ते गोजिरं चिन्ह झळकत राहिलं. त्याच्यामागे पहिल्याच आठवड्यात दुसरी डिस्क बंद पडली होती. एक गेली तर दुसरी असावी म्हणून सगळे एक्स-रे दोन्हींवर साठवलेले असायचे. आज सकाळी पहिलीही गेली, आणि नऊ वर्षांचे एक्स-रे गेले.

काका साहेबांच्या खोलीत शिरले ते कडाडतच. "घ्या, आता त्या चिन्हाचेच एक्स-रे काढा! कुणी घाबरलं नाही ना? झालं समाधान?" काकांनी दार धाडकन आपटलं.

बाहेर बाकावर त्यांची थोरली बहीण बसली होती. तिच्या फुप्फुसावर डाग दिसला होता. तो आधीचाच की नवा, हे डॉक्टर जुना एक्स-रे बघून सांगणार होते. आता सुई घालून तपासणीसाठी तुकडा काढावा लागणार होता.

"एवढा कुणावर ओरडत होतास रे?"

"त्या शहाण्यावर! ओळी झाकायला लावल्या, ताई. डिस्क गेल्याचं कळूच दिलं नाही."

"म्हणजे तुलासुद्धा बघता येत नव्हतं?"

काका ताईशेजारी बाकावर टेकले. संताप अजून उसळत होता, पण तो आता कुणावर काढायचा ते त्यांना कळेना.

"येत होतं," ते म्हणाले. "एक बटण दाबायचं होतं. मी रुसून बसलो होतो."

ताईनं पदर सावरला. आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

"चल," ती म्हणाली. "सुईच्या वेळी तरी रुसू नकोस."